राहीबाईचा कुतुबमिनार

ताजमहाल राहीबाईला पहिल्या खेपेला ओळखता आला नव्हता. कुठल्या तरी पिराचं ठिकाण असावं, असं ती म्हणाली होती. सासू बयाबाईनं तर फोटो उलटा धरून, ‘सज्जनगड हाय ह्यो,’ असं ठणकावून सांगितलं होतं. सगळी आळी हसली होती.

ही विट्याच्या अलीकडच्या एका वाडीतली गोष्ट. वाडीतले निम्मे बाप्ये बाहेर. कुणी पलटणीत, कुणी गलाईला. गलाई म्हणजे सोन्याचांदीची आटणी. सोनारांच्या पेठेत भट्टी लावायची, जुने दागिने वितळवायचे, सोनं शुद्ध करून द्यायचं. राहीबाईचा नवरा नाथाजी लग्नानंतर वर्षाच्या आतच ज्ञानू नावाच्या दोस्ताबरोबर हैदराबादला गेला आणि दोघांनी मिळून दुकान टाकलं. लीला जन्मली तेव्हा तो आला होता. बेचाळीसच्या दिवाळीलाही आला होता. त्यानंतर मात्र आला नाही. लढाईचे दिवस, गाड्यांत जागा नाही, दुकान उघडं टाकता येत नाही, अशी कारणं ज्ञानू सांगायचा. ज्ञानू सहा-आठ महिन्यांनी घरी यायचा आणि येताना नाथाजीचा एक फोटो आणायचा.

फोटोत काळा कोट घातलेला, फेटा भुवयांवर ओढलेला, दोन्ही हात खिशात घातलेला नाथाजी, आणि त्याच्या मागं एखादी थोरली इमारत. ज्ञानू ओसरीवर बसून पाणी प्यायचा नि म्हणायचा, “वैनी, नाथानं इचारलंय, ही इमारत कंची, वळका बगू. तुमी काय म्हनतासा ते त्याला जाऊन सांगायचंय मला. बरुबर का चूक, ते फुडच्या खेपंला.”

मग दोन दिवस त्या फोटोवर आळीतल्या बायकांची गर्दी. चारमिनार आला तेव्हा शेजारची रंगूबाई म्हणाली, “आगं, ह्यो तर ताबूत! मोहरमात न्हाई का निगत?” कुतुबमिनार आला तेव्हा सगळ्यांचं एकच मत पडलं, दीपमाळ. औंधाच्या यमाईपाशी आहे तशी, फक्त दांडगी. “पर एवढ्या उंच दिव्याला त्याल कोन घालत आसंल?” अशी चर्चा रंगली. राहीबाईनं शाळामास्तरांकडं चौकशी केली, त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आणि ज्ञानू निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याला सांगितलं, “दिल्लीचा कुतुबमिनार म्हनावं. आन मधी त्याला तडा गेलाय, तितं फार येळ हुबं ऱ्हाऊ नगा म्हनावं.”

फोटोत मिनाराच्या दुसऱ्या मजल्यापाशी खरंच एक वाकडी काळी रेघ होती. राहीबाईनं ती इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटले तरी तिला दिसायची. पुढच्या खेपेला ज्ञानूनं निरोप आणला, “बरुबर वळकलं म्हनाला. लय हसला.” त्या दिवशी राहीबाईनं गुळाची पोळी केली होती.

दुकानाच्या कामानं नवरा मुलूखभर हिंडतोय, साहेबासारखा कोट घालतोय आणि इतक्या लांबून आपल्याला कोडं घालतोय, याचा तिला अभिमान होता. पाणवठ्यावर बायका आपल्या घरधन्यांची गाऱ्हाणी सांगायच्या. राहीबाईकडं सांगायला ताजमहाल होता.

सेहेचाळीसच्या चैतात पाच वर्षांची लीला बैलगाडीच्या जुवावरनं पडली. हात कोपराजवळ मोडला. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं पाला बांधला, पण सूज उतरेना आणि हात वाकडा दिसायला लागला. राहीबाईचा थोरला भाऊ मानसिंग लढाईवरनं नुकताच रजेवर आला होता. तो म्हणाला, “हिला मिरजंला न्यायची. तितलं डाक्टर हात सरळ करत्यात.”

बयाबाई एकदम उसळली. “मिरजंला नगं. साताऱ्याला न्या.”

“आवं आत्याबाई, मिरज जवळ हाय.”

“सांगितलं न्हवं मिरजंला नगं म्हनून?”

म्हातारीचा आवाज इतका चढलेला राहीबाईनं कधी ऐकला नव्हता. पण पोरगी तापानं फणफणली होती. मानसिंगनं कुणाचं ऐकलं नाही. लीलाला खांद्यावर टाकून त्यानं बहिणीला सर्व्हिस मोटारीत बसवलं, आणि मिरजेच्या दवाखान्यात लीलाचा हात नीट बसवून त्याला पांढरं प्लास्टर घातलं गेलं. रात्री तिघं धर्मशाळेत राहिली. सकाळी डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि जायला सांगितलं.

पोरीचा ताप उतरला म्हणून मानसिंग खुशीत होता. बाजारातून जाताना त्याला फोटोच्या दुकानाची पाटी दिसली. “चल राही, फोटू काढू. पुन्यांदा मी कवा येतूय कुनास ठावं.”

राहीबाई अशा दुकानात कधी गेली नव्हती. फोटो त्या-त्या ठिकाणी उभं राहूनच निघतो, असंच ती धरून चालली होती. आत गेल्यावर एक रिकामी खोली, वर काचेचं छप्पर, एक खुर्ची आणि तिपाईवर काळं फडकं टाकलेली पेटी. फोटोवाला पन्नाशीचा, मिठ्ठास बोलणारा होता. त्यानं विचारलं, “मागं काय हवं? बाग आहे, राजवाड्याचा जिना आहे, ताजमहाल आहे, कुतुबमिनार आहे.”

“कुतुबमिनार टाका की,” मानसिंग हसत म्हणाला. “आमच्या भनीला लय आवड.”

फोटोवाल्यानं दोरी सोडली. वर गुंडाळलेला कापडाचा लांब गठ्ठा घरंगळत खाली आला आणि भिंतीवर कुतुबमिनार उभा राहिला.

राहीबाई बघत राहिली. आधी तिला वाटलं, सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी असू शकतात. मग तिची नजर दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथं कापड फाटलं होतं आणि काळ्या जाड दोऱ्यानं वाकडंतिकडं शिवलेलं होतं.

ती पुढं झाली. तिनं त्या शिवणीवरून बोट फिरवलं. कापड हललं, आणि त्याबरोबर अख्खा मिनार हलला.

“बाई, हात लावू नका, रंग जातो,” फोटोवाला म्हणाला.

तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं, आणि मागच्या अंगणाच्या दारापाशी, बाकीच्या कपड्यांपासून लांब, एका वेगळ्या खुंटीवर तिला काळा कोट दिसला. त्याचं तिसरं बटण तुटलेलं होतं. फोटोतल्या कोटाचंही तिसरं बटण तुटलेलं होतं. नवरा घरी आला की आधी ते बटण लावायचं, असं तिनं तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

“ह्यो कोट कुनाचा?” तिनं विचारलं.

“त्याला शिवू नका!” फोटोवाला घाईनं म्हणाला. मग ओशाळला. “म्हणजे... तो एका गिऱ्हाइकाचा आहे. विटा-खानापूरकडचा कुणीतरी. सहा-आठ महिन्यांनी येतो. दुकानात पाऊल टाकत नाही, स्वतःच म्हणतो नको. मग मी पडदा मागच्या अंगणात टांगतो. कोट तेवढा इथं ठेवून जातो.”

“हात खिशात घालून हुबा ऱ्हातोय का?”

फोटोवाला तिच्या तोंडाकडं, मग लीलाकडं बघत राहिला.

“त्येचं नाव काय?” मानसिंग मध्ये आला. त्या फोटोंबद्दल त्यानं नुसतं ऐकलं होतं, ते पाहिले कधी नव्हते. बहिणीला काय झालंय हे त्याला कळत नव्हतं. “राही, काय झालं? बोल की.”

नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडानं घेतलं नव्हतं. तिनं भावाचं मनगट घट्ट धरलं. “दादा, इचार त्येंला. लीलाच्या बाचं नाव घिऊन इचार.”

“नाथाजी?” मानसिंगनं विचारलं.

फोटोवाल्यानं मान खाली घातली. “गावाबाहेर महारोग्यांचा दवाखाना आहे. तिथं असतो. मला वाटलं, घरी माहीत असेल.”

लढाईत चार वर्षं काढलेला मानसिंग मटकन खुर्चीवर बसला. राहीबाई उभीच होती. तिला रडू आलं नाही. महारोग हा शब्द तिच्या आत गेलाच नव्हता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हैदराबाद नाही, दिल्ली नाही, आग्रा नाही. मिरज. सकाळी निघालं की दुपारी पोचतो, ती मिरज. तीन वर्षं.

“चल,” ती भावाला म्हणाली.

“कुटं?”

“तिकडं.”

“याड लागलंय तुला? पोरगी हाय संगं. आदी घरला जाऊ, म्होरलं म्होरं बगू.”

“तू पोरीला घिऊन भाईर थांब. मी जातीया.”

तो दवाखाना गावाबाहेर मोकळ्या रानात होता. बैठ्या चाळी, मध्ये कडुलिंब, कडेला भाजीचे वाफे. फाटकावरच्या माणसानं नाव विचारलं तेव्हा मानसिंगनं सांगितलं. तो लीलाला घेऊन रस्त्याकडच्या झाडाखाली थांबला, आणि राहीबाई एकटी आत गेली.

एक माणूस वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होता. पाठमोरा होता तरी तिनं ओळखला. डावा खांदा उतरता. तिची चाहूल लागून तो वळला. क्षणभर त्यानं तिला ओळखलंच नाही. आणि मग हातातली झारी खाली पडली. त्यानं हात झटकन कमरेमागं नेले. अंगात नुसती बंडी होती. खिसे नव्हते.

“जवळ येऊ नगंस,” तो म्हणाला.

ती थांबली. भुवया झडल्या होत्या. कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या. आवाज मात्र तोच.

“हैदराबादंत न्हाईसा तुमी,” ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

“हुतो की. पयलं हुतो.” तो वाफ्याच्या बांधावर बसला, हात मागंच. “एक दिवस भट्टीवरनं सोनं आटवायची तापल्याली मूस उचलली. सांडशी घ्यायचं इसरलो. लालभडक मूस, राही. हातात धरून हुबा. ज्ञानू वराडला तवा बगितलं, तर कातडं जळून धूर निगतूय. मला कायबी कळलं न्हवतं. कायबी न्हाई. तवाच डाक्टरनं सांगितलं.”

जळण्यापेक्षा ते न कळणं राहीबाईला भयंकर वाटलं.

“ताजमहाल बगितला न्हाईसा?”

“न्हाई.”

“कुतुबमिनार?”

“न्हाई.”

“चारमिनार?”

“त्यो बगितलाय. हैदराबादंत रोज बगायचो. त्यो खराय.” तो जरासा हसला, आणि तिचा चेहरा बघून हसू गिळलं. “गावात कळलं आसतं तर तुला म्हायारी धाडली आसती. उद्या लीलाला कुनी पत्करली नसती. भाईर हाय म्हटल्यावर मान तरी ऱ्हातो. आन तू ज्ञानूपाशी जबाब धाडायचीस न्हवं? तू काय म्हनालीस, रंगूवैनी काय म्हनाली, त्यो समदं करून दावायचा. आमी हितं पंधरा-वीस जनं ऐकायला बसायचो.”

तिचे गाल तापले. आपण आळीत बसून जे बोललो ते इथं, या झाडाखाली, अनोळखी माणसांनी ऐकलं. हसली असतील. तिला राग यायला हवा होता, पण राग कुठं धरावा तेच कळेना. मग एकाएकी तिच्या ध्यानात आलं.

“आत्याबाईंनी मिरजंला नगं म्हटलं.”

नाथाजीनं पडलेली झारी पायानं जवळ ओढली.

“आत्याबाईंना ठावं हाय?”

“पयल्या दिसापास्नं.”

तिला हा दुसरा घाव पहिल्यापेक्षा जास्त लागला. सज्जनगड म्हणून ठणकावणारी, फोटो उलटा धरून सगळ्यांना हसवणारी म्हातारी. तिला पोराचा ठावठिकाणा ठाऊक होता. राहीबाई बांधावर, नवऱ्यापासून दोन हातांवर, बसली. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिथंच तिच्या हातापायांची कातडी पाहिली, लीलालाही बोलावून तपासलं, आणि दोघींना काही नाही म्हणून सांगितलं. आजार वाढलेला नाही, औषधी तेलाच्या सुया चालू आहेत, असंही सांगितलं. लीला मामाच्या कडेवरनं त्या माणसाकडं बघत होती. फोटोतला बाप तिला ठाऊक होता. हा कोण, ते तिनं विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

वाडीत परतल्यावर राहीबाईनं लीलाला निजवलं आणि चुलीपुढं बसलेल्या सासूपुढं जाऊन उभी राहिली. बयाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातली फुंकणी खाली ठेवली.

“भेटला?”

“भेटले. का केलंसा असं, आत्याबाई? मी काय परकी हुते?”

“त्यानं गळ्याची आन घातली हुती मला.” म्हातारी चुलीतल्या विस्तवाकडं बघत बोलत होती. “पयल्या खेपंला ज्ञानूनं त्यो फोटू आनला तवा मी आत जाऊन रडले. भाईर आले तर तू हासत हुतीस. लय दिसांनी हासत हुतीस. मग मीबी काय तरी बोलले. फुडं तसंच ऱ्हाईलं.”

“तुमी बगायला गेलासा का त्येंला?”

“न्हाई.”

“एकदाबी?”

“छाती झाली न्हाई,” बयाबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड झाकलं.

दुसऱ्या सकाळी राहीबाई विहिरीवर गेली. बायका होत्याच. रंगूबाईनं विचारलं, पोरीचा हात कसा आहे, मिरज कशी आहे. राहीबाईनं घागर खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, “लीलाचं बा मिरजंत हायती. महारोग झालाय त्येंला. सुया चालू हायत. हैदराबाद, दिल्ली समदं खोटं हुतं.”

रहाट थांबला. एका बाईनं हळूच आपली घागर पायानं बाजूला सारली. मग दुसरीनं. राहीबाईच्या घागरीभोवती बघता बघता मोकळी जागा झाली. रंगूबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. फोटोवर रोज डोकं लावणारी, घासातला घास देणारी रंगूबाई, पण तिचाही पाय मागंच सरकला होता.

राहीबाईला वाटलं होतं, फोटोच्या दुकानात जे व्हायचं ते होऊन गेलं, आता याहून काही होणार नाही. पण घागरीभोवतालची ती मोकळी जागा त्याहून वाईट होती. तिला नवऱ्याचं खोटं त्या घटकेला पहिल्यांदा कळलं. माफ केलं असं नाही. नुसतं कळलं.

महिनाभर तिनं तग धरला. दळणाला जात्यावर कुणी सोबत बसेना. लीलाबरोबर पोरं खेळेनात. ज्ञानू सुट्टीवर आला तर त्याच्या बायकोनं त्याला घरातच कोंडून ठेवलं. तो अंधार पडल्यावर परड्यातनं येऊन राहीबाईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “वैनी, चपलंनं हाना मला.” ती आत निघून गेली. पुढं कित्येक वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. आपल्याला ज्यानं फसवलं तो नवरा आजारी होता, सासू म्हातारी होती. राग धरायला एक धडधाकट माणूस तेवढा ज्ञानूच सापडला, असं ती नंतर म्हणायची.

जेठाच्या सुरुवातीला तिनं वळकटी बांधली. रान वाट्यानं दिलं. मिरजेत कुठं राहायचं, काय खायचं, काही ठरलेलं नव्हतं. मानसिंगनं रजा संपायच्या आत एक खोली बघून ठेवली होती तेवढंच. गाडी दारात उभी राहिली. लीलाला वर बसवलं, भांडी चढवली. तर बयाबाई काठी टेकत आली आणि काही न बोलता गाडीत चढून बसली.

“आत्याबाई, घर?”

“घराला काय हुतंय? कुलूप लाव.”

मिरजेच्या त्या फाटकापाशी म्हातारी काठी टेकत उतरली. नाथाजी कडुलिंबाखाली होता. आईला बघून तो उठला आणि मागं मागं जायला लागला. या वेळी हात मागं न्यायचं त्याला सुचलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं आखूड झाली होती. बयाबाईनं ती पाहिली, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की वाफ्यात काम करणारी माणसं थबकली.

“हुबा ऱ्हा तितंच,” ती ओरडली. “मागं सरकलास तर बग.”

तो थांबला. म्हातारी गेली आणि तिनं त्याची दोन्ही मनगटं धरली, लहानपणी हात धुवायला नेताना धरायची तशी.

मिरजेत राहीबाई चौदा वर्षं राहिली. सतार आणि तंबोरे करणाऱ्यांच्या आळीत तिला काम मिळालं. वाळलेले भोपळे कापून आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या. हाताला भेगा पडायच्या, पण तिथं तिच्याशेजारी बसायला कुणी कचरलं नाही. एकोणपन्नास साली दवाखान्यात नव्या गोळ्या आल्या आणि पुढच्या दोन वर्षांत नाथाजीचा आजार थांबला. बोटं गेली ती गेलीच. त्याला तिथल्याच बागेत माळ्याचं काम मिळालं. लीलाचा हात सरळ झाला. तिला बाप कोण आहे ते सांगितलं तेव्हा ती दोन दिवस त्याच्याकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन त्याला विचारून आली, वांगी कधी लागतात.

ताजमहाल आणि चारमिनार राहीबाईनं ट्रंकेत तळाशी ठेवले होते. कुतुबमिनार मात्र तिनं वाडी सोडण्याच्या आदल्या दिवशीच चुलीत घातला होता. कशासाठी, असं लीलानं एकदा विचारलं. राहीबाई भोपळा खरवडत होती. “डोळं मिटलं तरी त्यातली शिवन दिसायची,” ती म्हणाली. “काय करतीया ते माजं मलाच कळत न्हवतं.”